ढकल्या

रक्षाच्या मोबाईलवर तो दिसला तेव्हा मी एका माणसाचं नाव बदलत होतो. म्हणजे प्रतिज्ञापत्र टाइप करत होतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि ही दोन्ही नावं असलेला इसम एकच असून तो मीच आहे, असं सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. भंडाऱ्याच्या कोर्टासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये बसून अकरा वर्षं मी हे 'लिहून देतो की' लिहितो आहे, दुसऱ्यांचं. कोणाची जमीन, कोणाचं वय, कोणाचं लग्न. शपथ माझ्या बोटांतून जाते आणि खाली सही दुसऱ्याची असते, आणि या व्यवस्थेवर मी बेहद्द खूश होतो. रक्षा शेजारच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन सांभाळते. गिऱ्हाईक नसलं की मोबाईल आडवा धरते आणि तिचे अंगठे नाचायला लागतात. त्या दिवशी तिनं मोबाईल टेबलावर आपटल्यासारखा ठेवला आणि म्हणाली, "हा मारत बी नाही अन् मरत बी नाही. नुसता ढकलते. लय राग येते मले याचा." मी सहज मान वळवली. निळसर बर्फाचा अरुंद कठडा, खाली काळं पाणी, आणि कठड्यावर तो. पाठ काळी, पोट पांढरं, चोच नारिंगी, हात अंगाला चिकटलेले, पाय बाहेर फाकलेले. डुलत डुलत यायचा, कठड्याच्या टोकाशी वळायचा, पुन्हा यायचा. माझी बोटं होती तिथंच राहिली. समोर बसलेल्या इसमाचं नाव अर्धंच बदललं होतं आणि तो बिचारा पडद्याकडे पाहत होता, आता आपलं पुढं काय होणार म्हणून.

"हा अजून आहे?" मी विचारलं.

"हा त गेमच्या हर भागात राहते," रक्षा म्हणाली. "बाकीचे दुश्मन बदलतात, हा पेंग्विन नाही बदलत. आधी नुसता चालत होता म्हणे, मग पोटावर घसरत येऊ लागला. तुमी खेळत होते का, योगेंद्रभाऊ?"

मी म्हणालो, लहानपणी, थोडं. आणि नेमका तेव्हाच माझा मोबाईल वाजला. माझ्या थोरल्या भावाचा, इश्वरदादाचा फोन. दादा फोन करत नाही. फोन करायचा तर वहिनीकडून करवतो. "रविवारी जाळं हाये," तो म्हणाला. "सोसायटीच्या प्रफुल्लनं नवीन काढलं. पाळीवरचे जेवढे वाटे हायेत तेवढ्यायचे कागद पाह्यजे म्हणते. ज्यानं पाह्यलं त्यानं स्टॅम्पवर लिहून द्याचं. माह्यं त तूच पाह्यलं. मी कसा पडलो ते लिहून आण." मी 'हो' म्हणालो. त्यानं विचारलं, "लिहिशील ना?" मी पुन्हा 'हो' म्हणालो. फोन ठेवला तर रक्षाचा टोपीवाला गडी पुन्हा पाण्यात पडत होता आणि वर तो वळून शांतपणे परत चालला होता, काही झालंच नाही अशा चालीनं.

आमचं गाव लाखनीच्या आत, तलावाच्या काठाला. आम्ही ढीवर, मासेमारीवर जगणारे. बाप मंगरू जाळ्याचा म्होरक्या होता. कोणी कुठं उभं राहायचं, दोर कधी खेचायचा, हे त्याच्या शब्दावर चालायचं. आमच्या तलावाचा एक कायदा आहे, तो कुठं लिहिलेला नाही. जितकी माणसं पाण्यात उतरतील तितके मासळीचे वाटे. पाण्यात अंग नाही त्याला वाटा नाही, मग तो कितीही मोठा असो. पण ज्याचं अंग पाण्याच्या कामात गेलं, पाय गेला, हात गेला, त्याचा वाटा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर निघतो. तो पाळीवर बसतो आणि त्याच्यासमोर ढीग येतो, मरेपर्यंत. पाण्यानं घेतलं तर पाणीच देईल, असं म्हातारे म्हणत. मात्र दारू पिऊन पडला, भांडणात पडला, खेळताना पडला, तर नाही. मग त्याच्या नावानं दुसरा कोणी उतरला तरच त्याचा वाटा. आणि असा उतरणारा एका रविवारी चुकला की त्या रविवारचा वाटा गेला. हे सगळं मला दहाव्या वर्षी पाढ्यांसारखं पाठ होतं. म्हणूनच तर मी बोललो ते बोललो.

तो पेंग्विन आमच्या घरी आला त्या हिवाळ्यात दादा पंधरा वर्षांचा होता. शाळा सुटली की लाखनीला एका मासळीवाल्याकडे बर्फाच्या लाद्या उतरवायला जायचा. त्या शेठच्या घरचा जुना टीव्ही गेम त्याला मिळाला. एकच कॅसेट, तिच्यावरचा कागद फाटलेला, त्यामुळे त्या खेळाचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. सगळ्यांची नावं आम्हीच ठेवली. आपला गडी तो टोपीवाला. आणि बर्फाच्या मुलखात भेटायचा तो ढकल्या. बर्फ आम्हाला मासळीखालचा माहीत, धानाच्या भुशात गुंडाळलेला. बर्फावर चालणारा पक्षी बाबाला पटलाच नाही. दारात उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हा पाणकावळाच होय. पोट पांढरं रंगवलं हाये." पाणकावळा म्हणजे आमच्या घरचा वैरी; आम्ही जाळ्यात पकडायचं ते तो बुडी मारून आधीच उचलायचा. "मारा मंग त्याले," बाबा म्हणाला. दादा म्हणाला, "मरत नाही बाबा तो."

खरंच मरत नव्हता. दादानं त्याचा अभ्यास केला होता, मासा कुठं वळतो हे पाहावं तसा. डोक्यावर उडी मारली तर आपणच चेंडूसारखे वर. आग फेकली तर तो चार पावलं मागं घसरायचा आणि पुन्हा यायचा. पाण्यात पडला तर पोहत निघून जायचा आणि पुढच्या वेळी परत त्याच कठड्यावर. त्याच्या अंगात विष नाही, काटे नाहीत. तो लागला तरी जीव जात नाही. जीव जातो तो कठड्याच्या काठामुळे. "त्याले राग नसते," दादा सांगायचा. "तो आपल्याले पाह्यत बी नाही. त्याची वाट हाये, आपण मधात येतो." मला त्या पक्ष्याची भीती याच गोष्टीची वाटायची. बाकीचे दुश्मन डोळे वटारून यायचे, त्यांचं एक बरं होतं. हा मात्र तसाच चालत यायचा, अंगाला अंग लावायचा, आणि मी खाली. चार दिवस मी नुसता पडत होतो. मग दादानं माझा अंगठा आपल्या हातानं धरून खालच्या बाणावर ठेवला. "ढकल्या आला का खाली बस. बरोबर वेळेवर बस. तो वरून घसरून जाते अन् आपण राहतो." मी बसलो. तो माझ्यावरून गेला आणि पलीकडे पाण्यात. मी राहिलो. त्या सुखासारखं सुख मला पुढं कशातच मिळालं नाही, लग्नातसुद्धा, हे खोटं नाही.

मग आम्ही तो खेळ बाहेर नेला. तलावाचा सांडवा दगडी, हातभर रुंद, लांबच लांब. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेले दगड, उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत. त्या भिंतीवर दादा ढकल्या व्हायचा. दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचा, पाय फाकवायचा, पोट पुढं काढायचा आणि डुलत यायचा. नियम एकच : ढकल्याला हात नाहीत. हात उचलला की खेळ मोडला. तो पोटानं मला ढकलायचा, मी पाण्यात. पाण्याची भीती ढीवराच्या पोराला कसली. रोज मीच पडायचो. चैत्रात एका सकाळी बाबानं आम्हाला जाळ्याचा दोर घेऊन सांडव्याकडे पाठवलं. मोठा दोर, दोघांनी मिळून वाहायचा. तो आम्ही मोहाच्या झाडाखाली नीट गुंडाळून ठेवला, आणि म्हटलं, जाळं यायला अवकाश आहे. दादा ढकल्या झाला. त्या दिवशी तो चालत आला नाही, घसरत आल्यासारखा पळत आला. आणि मी खाली बसलो. मनात काही नव्हतं. अंगठ्यानं बाण दाबावा तसं अंग आपोआप बसलं. त्याचा गुडघा माझ्या खांद्याला लागला आणि तो माझ्यावरून गेला, पण पाण्याच्या अंगाला नाही. मला आजही त्याचे हात दिसतात. पडतानासुद्धा ते मांड्यांनाच चिकटलेले होते. आपण माणूस आहोत आणि आपल्याला हात आहेत हे त्याला दगडावर आदळेपर्यंत आठवलंच नाही.

पहिला धावत आला तो बाबा. दादाला शुद्ध नव्हती, पाय खुब्यातून भलत्याच अंगाला वळला होता. बाबानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वर मोहाच्या झाडाकडे पाहिलं. जाळ्यावरची माणसं अजून लांब होती, ओरडत येत होती. बाबा वर गेला, तो कोरडा दोर उचलून आणला, पाण्यात बुडवला आणि दादाच्या पायाशी टाकला, विस्कटून. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बाबानं उभ्या जन्मात कोणाचा एक मासा इकडचा तिकडे केला नव्हता. संध्याकाळी केशवराव आणि चार म्हातारे ओसरीवर बसले. केशवरावांनी मला पुढ्यात उभं केलं. "खेळत होता का रे तुमी?" मी म्हणालो, "नाही. दोर नेऊन राह्यलो होतो. दादाचा पाय घसरला." बाबा खाली मान घालून विडी विझवत होता. आठ दिवसांनी दवाखान्यात दादानंही तेच सांगितलं, मी न शिकवता. मला वाटलं, मला मार बसू नये म्हणून तो खोटं बोलला. सव्वीस वर्षं मला असंच वाटत आलं. दादाचा एक पाय चार बोटं आखूड झाला, पाण्यात उभं राहणं संपलं, आणि पाळीवर त्याच्यासमोर ढीग यायला लागला. टीव्ही गेम आईनं पोत्यात घालून माळ्यावर टाकला. पुढं तो कुठं गेला कोणास ठाऊक.

आणि मी खाली बसायला शिकलो ते शिकलोच. कोणी अंगावर आलं की वेळ बरोबर साधून बसायचं, ते वरून निघून जातं. बाबा वारला तेव्हा घरची जाळी कोण पाहणार यावर बोलणं निघालं, मी परीक्षेचं कारण सांगून भंडाऱ्याला निघून आलो. शेडची जागा निम्मी गेली, वकील अंगावर ओरडतात, मी 'हो साहेब' म्हणतो. माझी बायको दीपमाला म्हणते, "तुमी भांडत काहून नाही जी? माणसानं कधी त एकडाव अडून राहावं." तिला मी सांगू शकलो नाही की अडून राहणाऱ्याला काठावरून खाली जाताना मी शंभरदा पाहिलं आहे. पाण्यात तर त्या दिवसापासून उतरलो नाही. ढीवराचा पोर आणि नदीवर गेला तरी पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करतो. लोक म्हणतात, शिकला आणि साहेब झाला.

शनिवारी दुपारी शेडमध्ये गर्दी ओसरल्यावर मी स्टॅम्प पेपर प्रिंटरमध्ये घातला आणि लिहायला बसलो. मी, योगेंद्र मंगरू नान्हे, वय छत्तीस, धंदा टायपिंग, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. इथपर्यंत बोटं धावली, सवयच ती. पुढं 'माझे थोरले बंधू हे जाळ्याचा दोर वाहत असताना'. असताना. त्या शब्दावर पडद्यावरची उभी रेघ लुकलुकत राहिली. अकरा वर्षांत मी किती खोट्या शपथा टाइप केल्या असतील? कधी बोट अडलं नाही. आता तो एक शब्द मी तीनदा खोडला. खोटं लिहिलं तर दादाचा वाटा राहतो. खरं लिहिलं तर जातो, आणि नुसता वाटा जात नाही; सव्वीस वर्षं खाल्लेला प्रत्येक मासा चोरीचा ठरतो, आणि मेलेल्या बाबाच्या हातात तो ओला दोर पुन्हा येतो. आणि तरीही मला खरं लिहायचं होतं. का? चांगुलपणा म्हणून? मला तसं वाटत नव्हतं. मला फक्त सुटायचं होतं, आणि सुटण्याची किंमत नेहमीप्रमाणे दादानं द्यायची होती. हे कळलं तेव्हा मला स्वतःची किळस आली. शेवटी मी दोन कागद काढले, एक तसा आणि एक असा. रक्षानं झेरॉक्स काढता काढता वरची ओळ वाचली. "तुमच्याच नावाचं पयल्यांदा पाहून राह्यली," ती म्हणाली. मग उगाच विचारलं, "तो पेंग्विन गेला का?" "कुठला जाते. जुन्या भागात खाली बसलं का वरून निघून जाये म्हणतात. या भागात ते नाही चालत. बसलं तरी ढकलते." मी विचारलं, "मग करायचं काय?" ती म्हणाली, "तेच त समजून नाही राह्यलं."

रविवारी सकाळी मी गाडी काढली. लाखनीपर्यंत ट्रकांच्या मागं, मग आत, धुरे आणि बांध आणि उन्हाळी धानाचा वास. बॅगेत दोन कागद एकमेकांना चिकटून होते आणि मी दर दोन मैलांनी हात मागं नेऊन बॅग चाचपत होतो, जसं काही त्यांच्यातला एक आपोआप पडून जाणार होता. पाळीवर पोचलो तर जाळं अजून पाण्यात पडायचं होतं. माणसं लुंग्या खोचत होती. दादा त्याच्या जागेवर, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर, आखूड पाय पुढं पसरून, मांडीवर जाळ्याचा फाटका कोपरा घेऊन बसला होता. केस पांढरे झालेत. बाबासारखा दिसायला लागलाय. मी त्याच्याशेजारी खाली बसलो.

"आणला?" त्यानं सुई न थांबवता विचारलं.

"दोन आणले." मी म्हणालो. "दादा, तू घसरला नव्हता. मी खाली बसलो होतो."

सुई थांबली नाही. "मले माहीत हाये. मी काय आंधळा होतो?" दोन गाठी मारून झाल्यावर तो म्हणाला, "मीच त शिकवलं होतं तुले. ढकल्या आला का खाली बस म्हणून. तू बसला. मी हात काढाले पाह्यजे होते, नाही काढले. त्यात तुही काय चूक?"

इतकी वर्षं जे मी डोंगरासारखं वाहत होतो ते त्यानं जाळ्याच्या गाठीइतकं करून ठेवलं होतं. "मग दवाखान्यात खोटं काहून बोलला?"

"वाट्यासाठी," तो म्हणाला. "दुसऱ्या कायसाठी? पाय गेला त पोट कोण भरल? तुह्यासाठी बोललो असं वाटलं होतं का तुले?" आणि तो हसला, वाईट हसला नाही, पण मला लाज वाटली. सव्वीस वर्षं मी त्याच्या त्या खोट्यात माझी जागा धरून बसलो होतो. मग मी त्याला दोराचं सांगितलं. बाबा झाडाखालून दोर घेऊन आला, पाण्यात बुडवला. दादाच्या हातातली सुई तेव्हा थांबली. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं सांडव्याकडे पाहिलं. "बाबानं?" एवढंच म्हणाला. मग एकदम कडक झाला. "कोणता कागद देतं तू?"

"खरा द्यावासा वाटते."

"तुले हलकं व्हाचं हाये," तो म्हणाला, खालच्या आवाजात, शब्द दातांत धरून. "अन् भार माह्यावर. भंडाऱ्याले जाशील तू गाडीवर बसून. इथं मी बसून राहीन या क्रेटवर, अन् समोर काही नाही येणार. लोक पाह्यतील ना मले. बाबाले बी पाह्यतील." त्याचे डोळे भरले नव्हते, त्याला भीती वाटत होती. दादाला भीती वाटलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "खाली बसू नको आता," तो म्हणाला. "मी सांगून राह्यलो. एकडाव बसला, झालं."

त्याला काय म्हणायचं होतं? खोट्याच्या बाजूनं उभा राहा, असंच म्हणायचं होतं त्याला. पण मला ते तसं ऐकू आलं नाही. वर पाहिलं तर प्रफुल्ल येत होता, सोसायटीचा नवा सेक्रेटरी, तिशीचा, उघडा, लुंगी खोचलेला. त्याच्यामागं केशवराव काठी टेकत. प्रफुल्ल वाईट माणूस नाही, ही खरी अडचण होती. "राग नका मानू, योगेंद्रभाऊ," तो म्हणाला. "मासळी कमी झाली. पाण्यात उतरणारे आमी चौदा, अन् पाळीवर वाटे अकरा. माह्या सख्ख्या काकाचा काढला मी, दारू पिऊन पडला होता तो. तुमी लिहून द्या, आमी इश्वरदादाले हात नाही लावत." तो हात पुढं करून उभा राहिला. पाण्याची खोली पाहून आल्यानं त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. तो माझ्या वाईटावर नव्हता. त्याची वाट होती आणि मी मध्ये होतो.

मी उठलो. बॅग उघडली नाही. पाळ मला हातभर रुंद वाटत होती. "कागद राहू द्या," मी म्हणालो. "आमी खेळत होतो. दोर झाडाखाली होता. दादा पळत आला अन् मी खाली बसलो, म्हणून तो दगडावर पडला. तेव्हा मी खोटं बोललो होतो."

लुंग्या खोचणारी माणसंही इकडे पाहू लागली. दादानं मांडीवरचं जाळं बाजूला सारलं आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, घट्ट, आणि मला ते हात पाहवेनात. केशवराव काठी पुढं करत म्हणाले, "पण दोर त पायाशीच होता ना पोरा. मंगरूनं दाखवला आमाले." सगळं पुन्हा त्या ओसरीसारखं झालं, तोच म्हातारा, तोच प्रश्न, फक्त विडी विझवणारा माणूस नव्हता. "बाबाचं बाबाले माहीत," मी म्हणालो. "मी माह्यापुरतं सांगून राह्यलो." केशवरावांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग सांडव्याकडे, मग काठी मागं घेतली. त्यांना कळलं असावं. ते म्हणाले नाहीत.

प्रफुल्ल अवघडला. "मंग त, योगेंद्रभाऊ, नियम..."

"नियम मला माहीत आहे," मी म्हणालो, आणि माझ्या तोंडून भंडाऱ्याची भाषा निघाली म्हणून मला राग आला. मी शर्ट काढला. पँट काढून दादाच्या क्रेटशेजारी ठेवली, घड्याळ तिच्यावर. छत्तीस वर्षांचा, पोट सुटलेला, पांढऱ्या पायांचा टायपिस्ट चड्डीवर पाळीवर उभा होता आणि चौदा माणसं पाहत होती. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. दर रविवारी इथं यायचं, पाणी आटेपर्यंत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या. एक रविवार चुकला तर दादासमोर ढीग नाही. दीपमालाला काय सांगणार, शनिवारी उशिरा येणाऱ्या कामांचं काय, काही विचार केला नव्हता. पाळीवरून उतरताना दगड टोचले. पाणी घोट्याला लागलं तेव्हा अंगावर काटा आला. तो वास ओळखीचा होता, गाळाचा आणि शेवाळाचा, घरातल्या माणसाच्या अंगाच्या वासासारखा. मागं क्रेट सरकल्याचा आवाज आला, पण मी वळलो नाही.

"कोणाच्या नावानं?" प्रफुल्लनं वरून विचारलं. विचारावंच लागतं, त्याशिवाय वाटा धरत नाहीत.

"इश्वर मंगरू नान्हे," मी म्हणालो.

मला रांगेत मध्ये घेतलं. पाणी छातीला आलं. खालचा दोर पायानं दाबून धरायचा आणि पाऊल पाऊल पुढं जायचं, एवढंच काम. अंगाला ते आठवलं, डोक्याला नाही. शेजारच्यानं बजावलं, "खाली नका बसू हं. बसले का दोर उचलते अन् मासळी खालून जाते." मी मान हलवली. घेर लहान होत गेला, पाणी गढूळ झालं आणि त्याच्या पोटात काही तरी धडपडायला लागलं. मला ते दिसत नव्हतं. नुसतं माहीत होतं की ते येतं आहे, त्याच्या वाटेनं, आणि मी मध्ये उभा आहे. गुडघे आपोआप वाकू लागले. सव्वीस वर्षांतल्या सगळ्या सवयीनं ते वाकत होते, आणि पायाखाली दोर सैल होताना मला कळला.

"योग्या," पाळीवरून दादाचा आवाज आला. आवाजात राग तसाच होता. क्षमा वगैरे काही नव्हती. "पाय रोव. हात काढ पाण्यातून, हातानं जाळं धर."

माझे हात मांड्यांना चिकटलेले होते. मी ते सोडवले, वर काढले आणि जाळं धरलं. पहिला मासा पोटावर आदळला, चांगला मोठा असावा, मी मागं हेलपाटलो आणि तोंडात पाणी गेलं. मग दुसरा आला. मी उभा होतो.